आधी म्हशीला वाट

ज्यांच्या टेबलावर नदीकाठाचे आराखडे येतात त्या सर्व साहेबांना, इंजिनिअर मंडळींना आणि आमच्या गावोगावच्या कारभाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या माघात कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेच्या प्रयाग संगमावरनं परत येताना नदीकाठच्या मळीत दोन पोरं टेप धरून उभी दिसली. एकानं टेपचं टोक बाभळीच्या बुडाशी दाबून धरलं होतं, दुसरा वहीत आकडे लिहीत होता. मी विचारलं, "काय मोजताय रे बाळांनो?"

"वाट मोजतोय मावशी. इथं वॉकिंग ट्रॅक होणाराय म्हणं."

"म्हणजे काय होणार?"

"म्हणजे लोकांना चालता येईल."

मी माझ्या पायांकडं बघितलं. घोट्यापर्यंत धूळ होती. सकाळपासनं दीड तास जाताना आणि अर्धा तास येताना मी काय करत होते, ते त्या पोराला सांगावं असं वाटलं. पण बिचारं रोजंदारीवर आलेलं. कुणाचा आराखडा, कुठल्या खात्याचा, त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढं काही हललं नाही, म्हणजे ती मोजणी हवेतच विरली असेल कदाचित. तरीही पत्र लिहिते आहे. टेप एकदा आली की पुन्हा येते, आणि पुन्हा येईल तेव्हा माझं म्हणणं तुमच्यापाशी पोचलेलं बरं.

माझं माहेर प्रयाग चिखली, सासर कोल्हापुरात शुक्रवार पेठ. जन्म पुराच्या गावात, संसार पुराच्या पेठेत. माहेरी जायला बस आहे, रिक्षा आहे, भाच्याची मोटरसायकल आहे. तरी गेली पंचवीसेक वर्षं, पावसाळा सोडून, आठवड्यातनं एकदा मी नदीकाठानं चालत जाते. आई होती तोवर आईसाठी जात होते. आता वैनीच्या हातच्या भाकरीसाठी जाते असं घरात सांगते. खरं कारण वाट हेच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण बाहेरगावचे असाल, म्हणून जरा सविस्तर सांगते. पंचगंगा घाटावरनं निघायचं. घाटाच्या वरच्या अंगाला जो उंचवटा दिसतो ती ब्रह्मपुरी. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा खाली सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. याच टेकाडानं दिलेली एक लहानशी ब्राँझची मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. तिकीट काढा आणि एकदा बघून या. तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. दोन हजार वर्षांमागं तो गलबतातनं कोकणच्या कुठल्याशा बंदरात उतरला असेल, सह्याद्री चढून आमच्या नदीकाठी आला असेल. त्याला कुणी ट्रॅक बांधून दिला नव्हता. बैलाच्या पाठीवर, माणसाच्या डोक्यावर बसून, रुळलेल्या वाटेनं तो आला.

घाटाखाली नदीच्या पात्रात छोटी छोटी शंकराची देवळं आहेत. दिवाळीनंतर पाणी उतरलं की एकेक वर येतात, आधी शिखर, मग चौकट, मग नंदी. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर हजारो पणत्या लागतात तेव्हा सगळं कोल्हापूर तिथं असतं. इतर दिवशी पहाटे पोहणारे, कपडे धुणाऱ्या बाया, आणि कट्ट्यावर बसून महापालिकेपासनं अमेरिकेपर्यंत सगळ्यांचा हिशेब करणारे चार म्हातारे. घाटावरनं शिवाजी पूल. जुन्या पुलाच्या दगडी कमानी, शेजारी नवा पूल. पूल ओलांडला की डाव्या हाताला उतरायचं, आणि तिथनं मळी सुरू.

मळी हा शब्द आराखड्यात येत नाही, म्हणून सांगते. नदीनं वर्षानुवर्षं गाळ टाकून तयार केलेली काठाची पट्टी ती मळी. काळीभोर आणि लोण्यासारखी मऊ. उन्हाळ्यात तिथं भाजीपाला, मका, वैरण. वरच्या अंगाला ऊस. ऊस आणि नदी यांच्यामधनं, कधी बांधावरनं, कधी करंजाच्या सावलीतनं, कधी सरळ कुणाच्या तरी कोथिंबिरीच्या वाफ्याकडेनं वाट जाते. कुठं बैलगाडीएवढी रुंद, कुठं दोन माणसं तिरपी होऊन एकमेकांजवळनं जातील एवढीच. आंबेवाडीचं शिवार लागतं, मग चिखलीचं. शेवटी संगम. कुंभी आणि तुळशीला पोटात घेऊन आलेली भोगावती एकीकडनं येते, कासारी दुसरीकडनं. पाचवी सरस्वती गुप्त आहे, ती आहे असं मानायचं. काठाला दत्ताचं देऊळ. संक्रांतीपासनं महिनाभर इथं स्नानाला माणसं येतात, तेव्हा वाटेवर पहाटे तीनला सुद्धा चपलांचे आवाज असतात.

आता या वाटेवर कोण कोण असतं ते ऐका, कारण माझं सगळं गाऱ्हाणं तिथंच आहे.

पहाटे पाचला तालमीतली पोरं पळायला येतात. लंगोटावर स्वेटर घातलेला पैलवान फक्त कोल्हापुरातच दिसत असावा. साडेपाचला दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली. सहाला शहरातले सायकलवाले, डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, वीस हजारांची सायकल. सातला भांगलणीला निघालेल्या बाया, डोक्यावर बुट्टी, बुट्टीत भाकरी आणि खुरपं, आणि तोंडानं अखंड बोलणं. आठ-साडेआठला शाळेची पोरं. दहानंतर म्हशी. दुपारी कोणी नाही, एखादा गळ टाकून बसलेला. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीवाल्यांच्या बैलगाड्या आणि डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, दिवसरात्र. ट्रॅक्टर आला की सगळ्यांनी उसात शिरायचं. एवढा एकच वाहतूक नियम इथं लेखी नसून पाळला जातो.

दुसरा म्हशीचा.

चार-पाच वर्षांमागची गोष्ट. एक शहरातला पोरगा नवी सायकल घेऊन आला होता. पुढं आमच्या भावकीतल्या तानूआक्काच्या तीन म्हशी. वाट अरुंद. पोरगं मागनं घंटी वाजवतंय, ट्रिंग ट्रिंग. म्हशींनी कानसुद्धा हलवला नाही. मधली तर थांबलीच. थांबून तिनं शेपटी वर केली आणि सावकाश आपलं काम उरकलं. पोरगं म्हणालं, "मावशी, जरा म्हशी बाजूला घ्या की." आक्का वळूनही न बघता म्हणाली, "म्हस काय माज्या बापाचं ऐकती? तूच थांब की घडीभर. न्हायतरी पळून कुठं जायचंय तुला?" पोरगं थांबलं. पायानं सायकल ढकलत मागनं चालत राहिलं. अर्ध्या फर्लांगावर उतार आला, म्हशी पाण्यात उतरल्या आणि वाट मोकळी झाली.

तो पोरगा अजून येतो. आता तो लांबनंच उतरतो, जिभेनं टकटक असा आवाज काढतो, आणि म्हैस खरंच सरकते. आक्का गेल्या वर्षी गेली. बाराव्याला तो सायकल घेऊनच आला होता, हेल्मेट हातात धरून उंबऱ्यात उभा होता. वैनीनं त्याला आत बोलावून जेवायला घातलं.

परदेशात अशा वाटा असतात म्हणे, चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार या सगळ्यांसाठी मिळून एकच. तिथं पाटी लावलेली असते: सायकलवाल्यानं चालणाऱ्याला वाट द्यावी आणि दोघांनीही घोड्याला. माझ्या भाच्यानं मोबाईलवर दाखवली. मला हसू आलं. आक्कानं हाच कायदा विनापाटीचा लावला होता, फक्त घोड्याच्या जागी म्हैस. तुम्ही पाटी लावणार असाल तर जरूर लावा, मजकूर मी फुकट देते: आधी म्हशीला वाट.

हे थट्टेनं सांगत नाही. कोल्हापुरात येणारा पाहुणा रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभा राहून समोर धार काढलेलं फेसाळ दूध पितो, मिशा पुसतो, फोटो काढतो. ती म्हैस कुठनं येते आणि कुठं डुंबते? माझे आबा मी लहान असताना दोन म्हशी घेऊन याच वाटेनं चिखलीहून पुलापर्यंत यायचे आणि तिथनं गंगावेशीत. मी मागनं कासंडी घेऊन. म्हशीच्या मागनं चालायचं एक तंत्र असतं, तिच्या उजव्या अंगाला हातभर लांब. शेपटीचा तडाखा चुकतो आणि तिलाही आपण दिसत राहतो. धार काढायच्या आधी आबा म्हशीच्या मानेखाली खाजवायचे. पान्हा सुटला की कासंडीतला आवाज बदलायचा, पहिल्यांदा पत्र्यावर टणटण, मग दुधात दुधाचा घुमणारा. तो आवाज ऐकायला गिऱ्हाईक मुद्दाम पुढं सरकायचं.

तर साहेब, तुमच्या ट्रॅकवर म्हैस असेल का?

मी काही आराखडे बघितले आहेत. आमच्या गावचे नव्हेत, दुसरीकडचे. रंगीत चित्रात हिरवळ असते, खांबावर गोल दिवे असतात, बाकावर बसलेलं एक जोडपं असतं, फुगा धरलेलं लेकरू असतं. बुट्टी डोक्यावर घेतलेली बाई मी एकाही चित्रात बघितली नाही. चिखलानं भरलेला ट्रॅक्टर तर नाहीच. एका नदीकाठच्या गावात (नाव सांगत नाही, माझ्या धाकट्या नणंदेचं सासर आहे) असं चित्र प्रत्यक्षात उतरलं. काठाला स्टीलचं रेलिंग, खाली पेव्हर ब्लॉक, दोन टोकांना फाटक, फाटकावर "गुरांना व वाहनांना मनाई". पहिले सहा महिने झकास. मग झालं असं. बायांना पाण्यापाशी उतरायला जागा राहिली नाही, कारण रेलिंगला मध्ये तोंडच ठेवलं नव्हतं. गुरं पाण्याला जायची तर जाणारच. त्यांनी रेलिंग संपतं तिथनं एका शेतकऱ्याच्या शाळूतनं नवी वाट पाडली. त्यानं काटे लावले. त्यावरनं दोन घरांत जी भांडणं लागली ती लग्नाच्या अक्षतांपर्यंत गेली. आणि ज्यांच्यासाठी केलं ते सकाळचे फिरणारे? ते हवेशीर डांबरी रस्त्यावर चालतात, कारण ट्रॅक चारशे पावलांत संपतो. चारशे पावलं माणूस जाऊन परत किती वेळा येणार? घाण्याचा बैल आहे का तो?

वाट कुठनंतरी निघून कुठंतरी पोचायला हवी. माझी वाट शहरातनं निघते आणि संगमावर पोचते, मधे दोन गावांना हात लावून. तुमची मोजणी मात्र जिथनं निधी सुरू होतो तिथं सुरू होते आणि निधी संपतो तिथं थांबते.

पुराचं सांगते. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळचा चहा आणि पाणीपातळी बरोबर येतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. "राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ" ही पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावं आमची पोरं पाढ्यासारखी म्हणतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की वैनी तांदळाचा डबा माळ्यावर चढवते, मग बाकीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा चिखली आणि आंबेवाडीतली माणसं बोटीनं काढावी लागली. आमच्या सोप्यातल्या भिंतीवर तीन रेघा आहेत. आबांनी १९८९ ची कोळशानं ओढलेली, दादानं २०१९ ची विटेच्या तुकड्यानं, आणि भाच्यानं २०२१ ची मार्कर पेननं. भिंतीला रंग देताना वैनी तेवढी वीतभर जागा सोडते.

१९८९ च्या पुरानंतर गावाला वर सोनतळीला जागा मिळाली. सोनतळी म्हणजे शाहू महाराजांचा कॅम्प होता ते ठिकाण. पुष्कळांची घरं तिकडं झाली, तरी जुनं गाव काही सुटलं नाही. शेती खाली, गोठा खाली, देव खाली. माणूस रात्री वर झोपतो आणि पहाटे खाली येतो. "चिखली सोडत का नाही हे लोक" असं टीव्हीवर विचारणाऱ्यांनी एकदा मळीतली मूठभर माती हातात घेऊन बघावी.

अशा जागी तुम्ही पेव्हर ब्लॉक बसवणार. पूर चढला की ब्लॉकखालची वाळू आधी जाते. मग ब्लॉक एकेक करून दात हलावेत तसे हलतात. ओसरल्यावर त्यावर वीतभर गाळ बसलेला असतो. तो काढायचा कुणी, याचं टेंडर निघेपर्यंत त्यावर गवत उगवतं. नणंदेच्या गावात दोन बाक पुरात वाहून गेले, त्यातला एक खालच्या गावच्या बंधाऱ्यापाशी उलटा सापडला. अजून तिथंच आहे, त्यावर पोरं कपडे वाळत घालतात. नियमही तुमचाच आहे की: निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या आत, बांधकाम निषिद्ध. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. माझी सगळी वाट निळ्याच्या आत आहे. आमच्या दादाला तिथं वैरणीचं शेड घालायला परवानगी मिळाली नाही, आणि मिळाली नाही ते बरोबरच झालं.

आता पुरानंतर मातीच्या वाटेचं काय होतं ते बघा. सप्टेंबरात वाट नसतेच. सगळीकडं सारखा ओला गाळ, त्यावर ऊन पडून भेगा. पहिली म्हैस उतरते. तिच्या खुरांचे खड्डे. त्या खड्ड्यांत पाय ठेवत मागनं माणूस. चार दिवसांनी मोटरसायकलची एक चाकोरी. नवरात्रात अंबाबाईला जाणाऱ्या बाया अनवाणी निघतात तोवर वाट परत उमटलेली असते. कधी दहा पावलं इकडं, कधी तिकडं, नदीनं जसा काठ दिला तशी. खर्च शून्य.

बांधकामाला माझा विरोध आहे असं समजू नका. घाट बांधकामच आहे. पण ज्यांनी घाट बांधला त्यांना ठाऊक होतं की तो वर्षातले काही दिवस पाण्याखालीच असणार. म्हणून त्यांनी भिंत घातली नाही, पायऱ्या घातल्या. पाणी पायरी पायरी वर येतं आणि पायरी पायरी उतरतं. वजनदार दगड आणि पाण्याला मोकळी वाट. कोल्हापूर पद्धतीचा बंधाराही तसाच. दिवाळीच्या आगेमागे त्याला बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला जाऊ द्यायचं. पाणी कमी असतं तेव्हा राजाराम बंधाऱ्यावरनं कसबा बावड्याची माणसं वडणग्याला, निगव्याला जातात. पाणी अडवायला केलेली वस्तू, वरनं रस्ता झाली, खाली पोहायला डोह झाला. पाऊस आला की सगळं बंद, तक्रार नाही. नदीकाठी काही करायचं तर या बुद्धीनं करा.

वाटेला खरा धोका पुराचा नाही, नांगराचा आहे. हे आमच्याच माणसांविरुद्ध आहे, पण लिहिते. दरवर्षी नांगरताना एक तास वाटेत घालायचा. एक तास म्हणजे नांगराची एक फेर, हातभर रुंदी. पाच वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते, दहा वर्षांत पायवाटेचा बांध, मग तोही उसात. आंबेवाडीच्या अलीकडं एका ठिकाणी तीन वर्षांपूर्वी वाट अशीच बुजली. आम्ही दोन-चार जणांनी अर्ज केला. एका कचेरीनं दुसरीकडं पाठवलं, दुसरीनं सांगितलं नकाशा आणा. दादानं गाव नकाशाची नक्कल काढली. त्यात आमची वाट आहे! गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी दाखवतात, पायमार्ग एका तुटक रेघेनं. आमच्या वाटेला निम्म्यापर्यंत दोन रेघा आहेत, पुढं एक. मी त्या नकाशावर कितीतरी वेळ बोट फिरवत बसले होते. नकाशा घेऊन गेलो तर कळलं, अडवलेली जुनी वाट मोकळी करून घ्यायची तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली दावा लावायचा, आणि तो अडथळा आल्यापासनं सहा महिन्यांच्या आत. आम्हाला वर्ष होऊन गेलं होतं. दुसरा मार्ग महसूल संहितेचं कलम १४३, पण ते बांधावरनं शेतात जायला वाट मागणाऱ्या शेतकऱ्यासाठी. मी शेतकरी नव्हे, माझ्या नावावर चिखलीत गुंठाभर जमीन नाही. मी नुसती चालणारी. चालणाऱ्याला वाट मागायचा अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा असतो?

शेवटी कुठलं कलम लागलं नाही. त्या शेतकऱ्याच्या सुनेनंच सासऱ्याला सांगितलं, मला गोठ्याकडं जायला वळसा पडतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं उसाच्या दोन सऱ्या मोडल्या.

तर मागणं एवढंच आहे. नकाशावरच्या त्या तुटक रेघा जमिनीवर शोधा. मोजणीची टेप त्यासाठी आणा. दोन्ही कडेला हद्दीचे दगड पुरा, आणि दगडांशेजारी करंज, उंबर लावा, कारण दगड रात्रीत सरकतो पण उंबर सरकत नाही. बैलगाडी जाईल आणि शेजारनं माणूस जाईल एवढी रुंदी ठेवा. दोन ओढ्यांवर साकव हवेत. सध्या एकावर विजेचा जुना खांब आडवा टाकलाय, आणि माझा गुडघा आता त्यावरनं जायला तयार नसतो. पाणंद रस्त्यांना शासनाची योजना आहेच, त्यातनं खडी-मुरूम होतो. मुरूम चालेल, काँक्रीट नको. बायांसाठी दोन्ही टोकांना, पूररेषेच्या बाहेर, स्वच्छतागृह. याची गरज कुठल्याही चित्रात नसते आणि ती मला वाटेत दर वेळी असते. दिवे नकोत. अंधार असतो, साप असतात, हे खरं आहे. आम्ही काठी आपटत चालतो. दिव्याच्या उजेडात नदीकाठी काय काय बसायला लागतं ते पोलिसांना विचारा.

आणि नाल्यांचं. हे लांबलचक होईल म्हणून थोडक्यात. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी नदीत मिसळतं ते बघायला कुणी मुद्दाम जात नाही. काठानं रोज चालणाऱ्याला मात्र ते नाकानं कळतं. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, कधी आलं, मासे कधी तरंगले, पाण्याचा रंग कुठल्या दिवशी बदलला, हे आधी गळ टाकणाऱ्याला आणि म्हशीवाल्याला कळतं, मग पेपरला. वाट मोडली की एवढे पहारेकरी गेले.

तुम्हाला इतिहासच हवा असेल, "हेरिटेज" वगैरे, तर वाट खाली वळिवड्यापर्यंत जोडा. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बरीचशी बायका-मुलं. युद्धात घरदार गेलेली, रशियातनं, इराणमार्गे इथवर आलेली. पुढं फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर झालं. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले. छावणीतली ती मुलं आता ऐंशी-नव्वदीची. त्यांच्या आठवणींत पंचगंगेचं पोहणं असतं. पोसायडन आला, पोलंडची पोरं आली, सिंधी आले. या नदीकाठानं कुणालाच फाटकावर अडवलं नाही.

वरती चिखली, खाली वळिवडे. मधे शहर, घाट, राजाराम बंधारा. सगळं जोडलं तर एक दिवसाची चाल होईल, आणि कोल्हापूरकराला चालायला शिकवावं लागत नाही. आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीला चिखल तुडवत जाणारी पोरं इथलीच, चैत्रात जोतिबाला सासनकाठ्यांमागनं जाणारी इथलीच, आषाढी एकादशीला नंदवाळला जाणारीही इथलीच. मात्र जोडणं म्हणजे पुन्हा फरशी नव्हे. जिथं वाट आहे तिथं ती राखायची, जिथं तुटली तिथं माणसांशी बोलायचं.

बोलायला आधी यायला पाहिजे. कुठल्याही रविवारी या. पहाटे पावणेसहाला शिवाजी पुलाच्या पलीकडच्या टोकाला मी उभी असते. निळी छत्री, ऊन नसलं तरी. गाडी पुलाअलीकडंच ठेवा. बूट नकोत, जुनी चप्पल घाला, कारण पहिला ओढा ओलांडताना डावा पाय भिजतोच. संगमावर पोचलो की वैनीकडं चहा आहे, आणि गुऱ्हाळ सुरू असेल तर गरम काकवी. परत चालायचं नसेल तर भाच्याची मोटरसायकल आहे, एका वेळी एकच साहेब.

आपली,
चिखलीची एक माहेरवाशीण

ता. क. टेप आणलीत तरी चालेल. फक्त म्हशी सुटायच्या आत, दहापूर्वी, गुंडाळून ठेवा. गेल्या माघात त्या पोरांची टेप तुडवली ती आमच्याच दादाची म्हैस होती. भरपाई द्यायला तो तयार आहे, पण टेप कुणाची ते अजून कळलेलं नाही.